खिशात किती गाणी ठेवायची आणि कोणती, पहिल्यापासून सांगतो

फोनवर किंवा छोट्या प्लेयरवर स्वतःची गाणी जमवायला सुरुवात करणारा माणूस हमखास विचारतो की किती जीबी लागतील, आणि मी दर वेळी उलट विचारतो की तुम्ही दिवसातून ऐकता किती वेळ. साठा जीबीत मोजला की कधीच पुरेसा वाटत नाही, तासांत मोजला की आपल्याला नक्की किती लागतं ते लगेच कळतं. मला सांगायचंय ते मुख्य म्हणजे एवढंच. फॉरमॅट, टॅग, मेमरी कार्ड वगैरे सगळं त्यानंतर येतं, पण नवीन माणसं नेमकी तिथेच अडकतात म्हणून तेही नीट सांगतो.

आधी हिशेब करू. एक गाणं सरासरी ४ मिनिटांचं धरा. १००० गाणी म्हणजे ४००० मिनिटं, म्हणजे ६६ तास ४० मिनिटं. रोज तासभर ऐकणाऱ्याला एकही गाणं परत न लावता ही दोन महिन्यांच्या वर पुरतात. १०,००० गाणी असली तर जवळपास एक वर्ष दहा महिने जातील, आणि ४०,००० असतील तर सात वर्षांच्या पुढे. बरं, माणूस असं रांगेने ऐकतच नाही. आवडलेलं गाणं आठवड्यात पाचदा लावतो, आणि लावायलाच पाहिजे, त्यासाठीच तर ते जवळ ठेवलंय. म्हणजे प्रत्यक्षात १००० गाणी दोन महिन्यांच्या कितीतरी पुढे जातात.

खोक्यावर छापलेल्या "इतकी गाणी मावतात" या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. तो आकडा खोटा नसतो, पण कुठल्यातरी ठराविक बिटरेटवर काढलेला असतो, म्हणजे गाण्याच्या एका सेकंदाला किती जागा दिली त्यावर, हे केबीपीएसमध्ये (सेकंदाला किती किलोबिट) मोजतात. १९९८ मध्ये रिओ पीएमपी३०० नावाचा प्लेयर आला त्यात ३२ एमबी जागा होती, १२८ केबीपीएसच्या हिशेबाने जेमतेम अर्धा तास गाणी. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला आयपॉड आला, ५ जीबीचा, आणि जाहिरात होती खिशात १००० गाणी. हे १००० कुठून आले? ४ मिनिटांचं गाणं १६० केबीपीएसला ४.८ एमबी होतं, मग ५ जीबीत साधारण हजार बसतात. पुढे १६० जीबीचा आयपॉड आला त्यावर ४०,००० गाणी लिहिलेली, तो हिशेब १२८ केबीपीएसचा. म्हणजे मधल्या काळात जागा ३२ पट वाढली आणि गाणी ४० पट, कारण मोजायचं माप बदललं होतं. तुमचं माप तुम्हीच ठरवा आणि त्याच मापाने मोजा.

पहिलं काम, आठवडाभर टिपण ठेवा

काही डाउनलोड करायच्या आधी एक आठवडा फक्त लिहून काढा की गाणी कधी ऐकली, किती वेळ आणि काय करताना. प्रवासात, स्वयंपाक करताना, चालायला गेल्यावर, झोपायच्या आधी. फोनच्या नोट्समध्ये एका ओळीत लिहिलं तरी चालतं. आणि अजून एक गोष्ट लिहा, ती जास्त महत्त्वाची आहे, की त्या वेळी नेट होतं का. सतत नेट असलेल्या जागीच ऐकत असाल तर खिशातला साठा छोटा चालेल. रोज नेट नसलेल्या रस्त्याने तास-दीड तास प्रवास असेल तर तोच साठा तुमचा खरा सोबती आहे.

आठवड्याने बेरीज मारा. समजा रोजचे सव्वा तास निघाले. त्याला ६० ने गुणा, म्हणजे दोन महिन्यांचं ऐकणं, ७५ तास. माझ्या मते सुरुवातीला एवढा साठा भरपूर आहे. ७५ तास म्हणजे ११०० च्या आसपास गाणी. याहून जास्त भरू नका असं नाही, पण सुरुवातीलाच दहा हजार भरली तर त्यातली निम्मी कधी ऐकलीच जात नाहीत, आणि वाईट म्हणजे आवडीची गाणी त्या ढिगात हरवतात, शफल लावला की पाचातली चार पुढे ढकलावी लागतात आणि मग माणूस कंटाळून प्लेयर लावणंच सोडतो. मी हे घरात डोळ्यांनी बघितलंय. माझ्या आतेबहिणीने कुणाकडून तरी आख्खी हार्ड डिस्क कॉपी करून घेतली, एकदम हजारो फाइली, आणि महिन्याभराने तिच्याच फोनवर "सर्वात जास्त वाजलेली" ही यादी काढली तर त्यात तीच वीस-बावीस गाणी, जी तिच्याकडे आधीपासून होती.

दुसरं, कपाट वेगळं आणि पिशवी वेगळी

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर असतं ते कपाट. तिथे सगळं ठेवायचं, चांगल्यात चांगल्या क्वालिटीचं, काही डिलीट करायचं नाही, कितीही वाढू दे. फोनवर किंवा प्लेयरवर असते ती पिशवी, त्यात कपाटातलं निवडून घेतलेलं. पिशवीतून गाणं काढलं तर ते गेलं असं होत नाही, ते कपाटात असतंच, म्हणून काढताना जीव खालीवर होत नाही. ज्यांचा सगळा साठा फक्त फोनवर असतो त्यांना एक गाणं काढणंही जड जातं, मग फोन भरतो, मग नवीन काही घेता येत नाही. आत्ता तुमचं असंच असेल तर आजच एक फोल्डर कॉम्प्युटरवर करा आणि फोनवरचं सगळं तिथे कॉपी करा, मग पुढचं वाचा.

स्ट्रीमिंग ॲपमधलं "डाउनलोड" कपाटात धरू नका. ती फाइल तुमच्या फोनवर असते पण कुलूपबंद, दुसऱ्या प्लेयरमध्ये वाजत नाही, वर्गणी थांबली की गेली. स्पॉटिफायवर तर डाउनलोड टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावंच लागतं. नवीन गाणी शोधायला ही ॲप्स फार चांगली आहेत, मी स्वतः रोज वापरतो, पण ज्या गाण्याशिवाय आपल्याला करमणार नाही ते स्वतःचं घेऊन ठेवावं. सीडी असेल तर रिप करा, म्हणजे तिच्यावरची गाणी कॉम्प्युटरवर फाइली करून उतरवा, बँडकॅम्पसारख्या ठिकाणी विकत घेतलं तर एमपीथ्री, फ्लॅक, पाहिजे त्या फॉरमॅटमध्ये उतरवता येतं, आणि कलाकारांनी परवानगी दिलेली मैफलींची रेकॉर्डिंग इंटरनेट आर्काइव्हवर आहेत ती मोकळेपणाने घेता येतात.

तिसरं, फॉरमॅट आणि बिटरेट

इथे लोक भांडतात खूप, पण सुरुवात करणाऱ्याला चार गोष्टी पुरतात.

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, १६ बिटचा, दोन चॅनल. गुणाकार केला की १४११ केबीपीएस येतात, मिनिटाला १०.६ एमबी. ४ मिनिटांचं गाणं ४२ एमबीचं. फ्लॅक हा फॉरमॅट २००१ मध्ये आला, तो हाच आवाज काहीही न गमावता साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांश जागेत बसवतो, झिप फाइलसारखं समजा. एमपीथ्री, एएसी, ओपस हे मात्र कानाला न जाणवणारा भाग टाकून देतात, एकदा टाकलेला परत येत नाही. १२८ केबीपीएसला तासाला ५८ एमबी लागतात, २५६ ला ११५ एमबी, ३२० ला १४४ एमबी, आणि फ्लॅकला अंदाजे ३५० ते ४०० एमबी. आता आपले ७५ तास घ्या. २५६ ला ते ८.६ जीबीत बसतात. फ्लॅकमध्ये तेच २६ ते ३० जीबी. दोन्ही आजच्या फोनवर बसतात खरं तर, पण फोटो आणि व्हिडिओही तिथेच राहतात ना.

माझं म्हणणं साधं आहे: कपाटात फ्लॅक, पिशवीत २५६ एएसी किंवा लेम या प्रोग्रॅमने व्ही० सेटिंगवर बनवलेली एमपीथ्री किंवा १२८ चा ओपस. ब्लूटूथ इअरफोनवर ऐकत असाल तर पिशवीत फ्लॅक भरून फारसा उपयोग नाही, कारण ब्लूटूथ तो आवाज पाठवताना पुन्हा दाबतोच, ब्लूटूथच्या साध्या एसबीसी कोडेकला (आवाज दाबायच्या पद्धतीला) वरची सेटिंग साधारण ३२८ केबीपीएसची आहे. वायरचा चांगला हेडफोन असेल तर गोष्ट वेगळी, तरी आधी स्वतःच्या कानांची परीक्षा घ्या. कॉम्प्युटरवरच्या फूबार२००० या प्लेयरमध्ये एबीएक्स नावाची सोय जोडता येते, तीत कुठली फाइल वाजतेय ते लपवून ठेवतात आणि तुम्ही ओळखायचं. आवडीची पाच गाणी घेऊन, शांत खोलीत, एकदा करून बघा. त्यानंतर बिटरेटबद्दल कुणालाही विचारायची गरज पडत नाही.

आणि एक चूक कृपा करून करू नका, १२८ च्या एमपीथ्रीवरून ३२० ची एमपीथ्री बनवणं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं आहे ते, फाइल मोठी होते आणि आवाज अजून थोडा बिघडतो. एमपीथ्रीवरून फ्लॅक केलं तर अजून बिघडत नाही पण सुधारतही नाही, उगाच जागा जाते. अशा फाइली हातोहात फिरत असतात. शंका आली तर स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाका, आवाजाचं चित्र दिसतं, आणि फ्लॅक म्हणवणाऱ्या फाइलचं चित्र १६ किलोहर्ट्झच्या जवळ सुरीने कापल्यासारखं सरळ थांबलं असेल तर ती बहुधा मुळात १२८ ची एमपीथ्री होती. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या पट्टीत मुळातच काही नसतं, तिथे ही खूण फसवते, एवढं ध्यानात ठेवा.

२४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या फाइली मिळतात त्या न दाबता मिनिटाला ३४ एमबीच्या वर जातात. पिशवीत नका घेऊ. मिळाल्या तर कपाटात ठेवा.

चौथं, पिशवीत काय काय असावं

सगळ्यात मजेचा भाग हा, आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

मी पिशवीचे चार भाग करतो. पहिला भाग मुरलेल्या गाण्यांचा, जी पाठ आहेत, जी लागली की खांदे सैल होतात. हा निम्मा असावा, कमी नको. बाहेर असताना, दमलेले असताना, गर्दीत, माणसाला ओळखीचं लागतं. दुसरा भाग नवीन गाण्यांचा, पाव हिस्सा फार तर. नवीन गाणं पहिल्यांदा ऐकून आवडलं नाही म्हणून लगेच उडवू नका, चार-पाच वेळा कानावरून गेल्यावरच त्याचं खरं कळतं, आणि त्यासाठी ते पिशवीत दोन-तीन आठवडे तरी राहायला हवं. म्हणूनच नवीन गाणी एका वेळी थोडी घ्यायची. एकदम चारशे घेतली तर एकालाही चार वेळा ऐकून होत नाही.

तिसरा भाग कामाचा. चालायचं, पळायचं, वाचन करताना मागे हळू वाजवायचं, झोपायचं. यात गाणी आवडती असायला पाहिजेत असं नाही, जागेवर बसणारी पाहिजेत. वाचताना शब्द असलेलं गाणं नको असतं बऱ्याच जणांना, मग वाद्यसंगीत घ्या. चौथा भाग लांब रेकॉर्डिंगचा, शास्त्रीय मैफल, एखादी तासाभराची लाइव्ह कॉन्सर्ट, सलग ऐकायचा आख्खा अल्बम. हे शफलमधून बाहेर ठेवायचं, म्हणजे वेगळ्या फोल्डरात किंवा वेगळ्या प्लेलिस्टमध्ये, नाहीतर चालता चालता दोन धमाल गाण्यांच्या मध्ये पन्नास मिनिटांचा विलंबित ख्याल सुरू होतो आणि दोघांचंही नुकसान. बघा, फाइलींच्या संख्येत हा चौथा भाग अगदी छोटा दिसतो, वीस फाइली, पण तासांत मोजला तर वीस तास! म्हणून परत सांगतो, तासांत मोजा.

सुटी गाणी की पूर्ण अल्बम? दोन्ही. पण दहा-पंधरा अल्बम तरी पूर्ण असू द्या, क्रमाने. कलाकाराने तो क्रम विचार करून लावलेला असतो, आणि अल्बममधलं जे गाणं सुरुवातीला आपण पुढे ढकलतो तेच वर्षाने सगळ्यात जवळचं झालेलं असतं, निदान माझं तरी खूप वेळा झालंय. ज्या अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळतं तिथे प्लेयरमध्ये गॅपलेस चालू आहे का बघा, एमपीथ्री बनवताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते, ती गाळायची सोय नसली तर ऐन रंगात क्षणभर आवाज तुटतो.

पॉडकास्ट आणि ऑडिओबुक गाण्यांच्या फोल्डरात नकोतच.

पाचवं, नावं आणि टॅग

हे कंटाळवाणं वाटतं, पण हजार गाणी असोत की वीस, टॅग नसले तर साठा आहे पण सापडत नाही. बहुतेक प्लेयर फाइलचं नाव बघत नाहीत, फाइलच्या आत लिहिलेला टॅग बघतात. गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, अल्बम आर्टिस्ट, ट्रॅक नंबर, वर्ष. यातला अल्बम आर्टिस्ट लोक मोकळा सोडतात, आणि मग बारा गायकांच्या एका संग्रहाचे प्लेयरवर बारा अल्बम दिसतात, प्रत्येकात एक गाणं. त्या बाराही फाइलींत अल्बम आर्टिस्टच्या जागी एकच शब्द लिहा, "विविध" लिहा, काहीही लिहा पण बाराही ठिकाणी सारखं, अल्बम पुन्हा एक होतो.

दुसरी डोकेदुखी स्पेलिंगची. एकाच गायिकेचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, एकात मधे टिंब, एकात शेवटी जास्तीची स्पेस, एकात देवनागरी. प्लेयरसाठी त्या तीन वेगळ्या बायका. एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली उघडा, कलाकाराच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा, सारखी दिसणारी नावं एकाखाली एक येतात, निवडा आणि एकदम बदला. मला हे काम आवडतं, डाळ निवडल्यासारखं आहे, हात चालू राहतात आणि डोकं शांत होतं.

देवनागरीत टॅग लिहायचे तर एक अडचण समजून घ्या. टॅगची पहिली पद्धत १९९६ ची, आयडीथ्री, फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइट, त्यातले गाण्याच्या नावाला ३०. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे ३० बाइटमध्ये दहा चिन्हं. "चंद्र" एवढा शब्द घ्या, च, अनुस्वार, द, हलन्त, र, झाली पाच, १५ बाइट, अर्धी जागा एकाच शब्दात गेली. त्यात ती जुनी पद्धत अशा लिप्यांसाठी बनलेलीच नव्हती, म्हणून जुन्या प्लेयरवर प्रश्नचिन्हांची रांग दिसते. टॅग सेव्ह करताना आयडीथ्रीव्ही२.३ आणि यूटीएफ-१६ निवडलं की बहुतेक ठिकाणी देवनागरी नीट उमटतं. गाडीतल्या जुन्या स्टीरिओवर मात्र अक्षरांचे फाँटच नसतात, तिथे रोमनला पर्याय नाही.

ज्या फाइलींचं नावगाव काहीच नाही, "ट्रॅक ०७" वगैरे, त्या म्युझिकब्रेन्झ पिकार्डमध्ये टाका. तो आवाजाचा ठसा काढून ऑनलाइन यादीशी ताडून बघतो आणि नाव सुचवतो. सुचवलेलं डोळे झाकून सेव्ह करू नका, कधीकधी तेच रेकॉर्डिंग भलत्याच संग्रहाच्या नावाने येतं.

कव्हरच्या चित्राचंही वजन असतं, हे कुणी सांगत नाही. ३ एमबीचं मोठं चित्र प्रत्येक गाण्यात चिकटवलं आणि गाणी ५००० असली तर नुसती चित्रंच १५ जीबी. ५०० बाय ५०० चं साधं जेपेग १०० केबीच्या आसपास बसतं, म्हणजे सगळी मिळून अर्धा जीबी. प्रोग्रेसिव्ह प्रकारचं जेपेग बऱ्याच छोट्या प्लेयरवर उमटत नाही, कव्हर दिसत नसेल तर आधी हे तपासा.

आणि आवाजाची पातळी. एक गाणं हळू, दुसरं कानात ओरडतं. त्यासाठी रिप्लेगेन आहे, फूबार२००० मध्ये सगळी गाणी निवडून स्कॅन करा, तो मूळ आवाजाला हात लावत नाही, फक्त किती कमीजास्त करायचं ते टॅगमध्ये लिहून ठेवतो. प्लेयरमध्ये ती सेटिंग चालू असायला हवी. अल्बम सलग ऐकताना "अल्बम" मोड, शफलला "ट्रॅक" मोड.

सहावं, कार्ड आणि कॉपी

थोडक्यात सांगतो. १२८ जीबीचं कार्ड विंडोजवर ११९ दिसतं, फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. कार्डावर फाइली मांडून ठेवायच्या दोन पद्धती आहेत, ३२ जीबीपर्यंतची कार्डं बहुतेक एफएटी३२ मध्ये येतात, त्यावरची एक्सफॅटमध्ये, आणि काही जुने प्लेयर व गाडीतले स्टीरिओ एक्सफॅट वाचत नाहीत, तेव्हा कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून बघा. नवीन कार्ड घेतलं की आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा तपासणीचा प्रोग्रॅम चालवा, वर लिहिलेली जागा खरंच आहे का ते कळतं, खोट्या कार्डावर सुरुवातीची गाणी नीट वाजतात आणि जागा संपली की पुढची मुकाट्याने खराब होत जातात.

फाइलींच्या नावाच्या आधी ०१, ०२ असं लिहा, नुसतं १, २ लिहिलं तर काही प्लेयर १ नंतर १० घेतात. गाडीतल्या स्टीरिओचं अजून वेगळं, काही स्टीरिओ नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली कार्डावर पोचल्या त्या क्रमाने वाजवतात. फॅटसॉर्ट नावाचं छोटं टूल तो क्रम लावून देतं. आणि फोनवर व्हॉइस मेसेज गाण्यांत येऊन बसत असतील तर त्या फोल्डरात डॉट नोमीडिया नावाची रिकामी फाइल ठेवा, किंवा ॲपमध्ये "६० सेकंदांपेक्षा छोट्या फाइली नको" असं काही असतं ते लावा. पण हा दुसरा उपाय करण्याआधी खालचं वाचा.

सातवं, बॅकअप, आणि माझ्यावर आलेली वेळ

माझा सगळा साठा एकेकाळी एकाच कार्डावर होता. ते कार्ड एका संध्याकाळी फोनने वाचणं सोडलं, काढून पुसून परत घातलं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं, कॉम्प्युटरला लावलं, "फॉरमॅट करायचं का" एवढंच विचारत राहिलं. गाणी गेली त्याचं मला दोन दिवसांनी काही वाटेनासं झालं, सीडी होत्या, पुन्हा मिळणारी होती. पण त्यात आजीच्या आवाजातलं एक गाणं होतं, मी फोनवर रेकॉर्ड केलेलं, ३ मिनिटांचं, मागे नळाचा आवाज, मधे एकदा ती थांबून विचारते "चालू आहे का रे?" आणि परत सुरू करते. ते मी कधीतरी चुलतभावाला पाठवलं होतं. त्याने त्याचा जुना फोन चार्ज करून, शोधून, परत पाठवलं. ६४ केबीपीएस, १.४ एमबी. दोन महिन्यांच्या सगळ्या गाण्यांपुढे वजनाला काहीच नाही.

तेव्हापासून तीन प्रती ठेवतो. एक कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर. फोनमधली पिशवी या तिनात धरत नाही. स्वतः केलेली रेकॉर्डिंग आधी बॅकअप करा, मग दुर्मिळ, मग विकत घेतलेली, जी कुठेही मिळतात ती शेवटी. आणि या घरगुती रेकॉर्डिंगना व्हॉइस मेसेजमधून बाहेर काढून गाण्यांच्या फोल्डरात नावासकट ठेवा, नाहीतर पुढे कधी साफसफाईत "६० सेकंदांच्या आतल्या सगळ्या" म्हणून निघून जातील.

आठवं, दर दोन महिन्यांनी पिशवी बदला

बहुतेक प्लेयरमध्ये गाणं किती वेळा वाजलं ते दिसतं. त्या आकड्यावर क्रम लावा आणि खालून बघत या. शून्य असलेली गाणी पिशवीतून काढा, कपाटात ती आहेतच. त्यांच्या जागी कपाटातून काही जुनी आणा, जी वर्षभर ऐकली नाहीत. कॉम्प्युटरवरच्या म्युझिकबी या प्लेयरमध्ये आपोआप बदलणारी प्लेलिस्ट बनवता येते, नियम असा द्या की "शेवटचं वाजून १८० दिवस झालेली, यातली कुठलीही ५०". हे मला फार आवडतं, स्वतःच्याच कपाटातून विसरलेलं काहीतरी हाती लागतं.

लगेच सगळं जमणार नाही. पहिल्या रविवारी फक्त कॉम्प्युटरवर कॉपी करा, दुसऱ्या रविवारी शंभर फाइलींचे टॅग, एवढंच. माझं स्वतःचं कपाट अजून पूर्ण लागलेलं नाही, पण पिशवी लागलेली आहे, ८० तासांची, आणि तिच्या लांब रेकॉर्डिंगच्या फोल्डरात, लांब नसूनसुद्धा, एक फाइल पहिली येते कारण तिचा ट्रॅक नंबर मी ०१ ठेवलाय. कलाकाराच्या जागी "आजी" लिहिलंय, वर्ष लिहिलंय, आणि गाण्याच्या नावाच्या जागी "चालू आहे का रे".